‘भुईखालून’ची नऊ गाणी

झरी, ता. तलासरी
६ एप्रिल २०१८

नविनदादा,

हे माझं तिसरं पत्र. आधीची दोन तुला मिळाली की नाही, कळायला मार्ग नाही. मच्छीमारांच्या संघटनेतले भाऊ म्हणतात, पत्रं कराचीच्या तुरुंगापर्यंत जातात, पण सावकाश जातात आणि मधे कोणीतरी ती उघडून वाचतं. वाचू दे. त्या वाचणाऱ्यालाही माझा नमस्कार.

आई बरी आहे. बाबा बरा आहे. बैल बरे आहेत. तुझी बोट पकडल्याला आता पाच महिने होत आले. बाबा तुझं नाव काढत नाही, पण संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करूनच बसतो. तू पोरबंदरला बोटीवर कामाला निघालास त्या दिवशी तो शेतावर निघून गेला होता, ते अजून त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही, असं मला वाटतं. तो तसं म्हणत नाही. तुम्ही दोघं सारखेच.

आता जे सांगते ते नीट वाच.

विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरली आहे. आईला तुझ्या नावाने नारळ फोडायचा होता, म्हणून परवा आम्ही दोघी गेलो. दर्शन झालं. उन्हाने डोकं तापलं होतं. पाळण्यांच्या पुढे मोबाइलमध्ये गाणी भरून देणाऱ्यांच्या टपऱ्या असतात ना, तिथून जात होतो. प्रत्येकाचा स्पीकर वेगळा, गाणं वेगळं, सगळा कालवा. मी आईचा हात धरून भराभर चालले होते. आणि आई थांबली. अशी थांबली की मागचा माणूस तिच्यावर आदळला.

मी म्हटलं, “काय झालं?”

ती म्हणाली, “नवा बोलतो.”

मला वाटलं, ऊन लागलं. मग मीही ऐकलं. एक आवाज भराभर बोलत होता. गात नव्हता, बोलतच होता, पण ढोलावर पाय पडावेत तसे शब्द पडत होते. त्यात आपल्या गावाचं नाव आलं. बाबाचं नाव आलं. दादा, तू! दिवसभरात ‘जेवतो’ आणि ‘जातो’ एवढंच बोलणारा तू. गावात सगळे तुला मुका म्हणायचे, आणि तू जत्रेत चार टपऱ्यांना ऐकू जाईल असा बोलत होतास, श्वास न घेता.

आई सरळ टपरीत शिरली आणि तिने स्पीकरवर हात ठेवला. गाणं वाजलं की त्याची जाळी थरथरते. ती थरथर तिने हाताने धरून ठेवली, गाणं संपेपर्यंत. टपरीवाला चैत्या, त्याचं तलासरी नाक्यावर दुकान आहे, तो घाबरला. म्हणाला, “मावशी, शॉक लागंल.”

मी विचारलं, “हे कुणाचं गाणं?”

“माहीत नाय. जुनं हाय, चौदा सालचं. पोरांनी मिळून काढलेलं, रॅप. आल्बम हाय, ‘भुईखालून’. कोणी भरून घेत नाय. दुपारी गिऱ्हाईक नसलं का मी माझ्यासाठी लावतो.”

“हा माझा भाऊ आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग स्टूल पुसून आईला दिलं. पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. मग सगळी गाणी एका कार्डात भरून माझ्या हातात ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. त्याच्याकडे सातच आहेत. म्हणाला, पूर्ण आल्बम नऊ गाण्यांचा होता.

चौदा साली मी आश्रमशाळेच्या वसतिगृहात होते. तू डहाणूला वाडीत कामाला जातोस, एवढंच घरात माहीत होतं. तू हे कधी केलंस? आणि सांगितलं का नाहीस?

तुझी
संगिता


२० मे २०१८

दादा,

जतीन भेटला.

चैत्याने सांगितलं होतं की कार्डं ‘डहाणूच्या चिकूवाडीवाल्या जतीन’कडून आली होती. डहाणूत चिकूवाडीवाले किती! चौथ्या वाडीत विचारलं तेव्हा एक दाढीवाला मुलगा पेट्या उचलता उचलता म्हणाला, “मीच. काय काम?” मी म्हटलं, “नविनची बहीण. झरीची.” तर तो हसायला लागला. “कुठे आहे तो मुका? फोन लागत नाही त्याचा.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी सांगितलं. बोट, खोल समुद्र, तिकडच्यांनी पकडलं, कराची. तो पेटीवर बसला. म्हणाला, “मला वाटलं, तो माझ्यावर रागावला.” आल्बम कोणी घेतला नाही म्हणून तू वैतागलास आणि यायचाच बंद झालास, असं तो चार वर्षं समजत होता. तू रागावला होतास का? मला नाही वाटत. तुझा राग मी ओळखते. तू गप्प होतास म्हणजे गप्पच होतास.

त्याने मला ती शेड दाखवली. चिकू निवडायची शेड, मागच्या भिंतीला पेट्यांची चळत. म्हणाला, इथेच. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी त्याच्या आईच्या गोधड्या टांगल्या होत्या. गोधडीच्या आत एक माइक आणि एक माणूस, बाकीचे बाहेर श्वास धरून. उन्हाळ्यात! तू घामाने चिंब होऊन बाहेर यायचास आणि म्हणायचास, “परत.” सगळे म्हणायचे झालं, चांगलं झालं, आणि तू म्हणायचास, “परत.” आणि आम्हाला घरी वाटायचं की तू चिकू तोडून दमून येतोस.

मी विचारलं, ते ठेके कसले आहेत, ढोल नाही, तबला नाही. त्याने एक रिकामी पेटी उचलली आणि जमिनीवर टाकली. धप्प. मग मूठभर चिकू पत्र्यावर सोडले. टडडड. गाण्यात ऐकून ऐकून मला वाटलं होतं, हे कसलं तरी मोठं यंत्र असणार. ती चिकूची पेटी आहे!

“नाव कुणी ठेवलं?” मी विचारलं.

“त्यानेच. मी म्हणत होतो, आपण अंडरग्राउंड आहोत. तो म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, रेडिओवर नाही, टीव्हीवर नाही, पण आहे. तर म्हणाला, मग भुईखालून म्हण. कंद असतो तसं.”

मग वाडीत नेलं. दादा, हे तुला माहीत आहे का, मला माहीत नाही, म्हणून जपून सांगते. तुमच्या शंभर सीडी तुम्ही काढल्यात तेव्हा लोकांची सीडी वाजवायची यंत्रं भंगारात गेली होती. मुंबईत जतीनने ज्यांना ज्यांना पाठवली त्यातल्या एकानेच उत्तर दिलं, ‘आवाज छान, भाषा समजली नाही.’ उरलेल्या सीडी त्याच्या वडिलांनी, रामनाथकाकांनी, झाडांना बांधल्या. पोपट चिकू टोचतात, चकाकी पाहिली की पळतात. मी गेले तेव्हा वारा होता. अख्ख्या वाडीभर त्या फिरत होत्या, पानापानांत ऊन उडत होतं, जमिनीवर सगळीकडे उजेडाचे गोल पळत होते. एकीवर मी बोट ठेवलं. पुसट झालं होतं, पण ‘नविन’ वाचता आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं.

रामनाथकाका मागून आले. म्हणाले, “पोरी, गाणी काही वाईट नसणार हां. चार वर्षं पोपट फिरकला नाही.” मग त्यांना जतीनने सांगितलं मी कोण ते. शिडी आणून त्यांनी स्वतः एक सीडी सोडवली, धोतराने पुसली आणि मला दिली.

ती वाजत नाही. उन्हाने तिचं सगळं गेलं. जतीनचा कॉम्प्युटरही केव्हाच मेला. म्हणजे आता चैत्याकडची सात गाणी, तेवढीच. पण जतीन म्हणतो, तुमच्यात गाणारी जी निर्मला होती, तिच्याकडे उरलेली दोन असतील, ती काही टाकत नाही.

आई विचारते, तिकडे भात देतात का.

संगिता


२ सप्टेंबर २०१८

दादा,

सापडली! नऊच्या नऊ.

निर्मला लग्न करून वाणगावला गेली आहे. तुला ती फुग्याच्या कारखान्यातली आठवत असेल, आता तिला दोन मुलं आहेत आणि ती मिरचीच्या मळ्यात जाते. मी दारात उभी राहून ‘भुईखालून’ एवढंच म्हटलं, तर ती आत गेली आणि कपाटातून एक जुना फोन घेऊन आली, रुमालात बांधलेला. म्हणाली, “नवऱ्याला वाटतं, ह्यात माझ्या लग्नाचे फोटो आहेत.” आणि अशी हसली की शेजारीण डोकावली.

आता मी आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आहे, ओळीने, तुम्ही लावला होता तसा. मला संगीतातलं काही कळत नाही. पण तुला कोणी हे सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते.

पहिल्यात रॅप नाहीच. रखमाबाई आहे. आपल्याकडची लग्नं लावणारी धवलेरी, तिचा तो सुपारी खाऊन जाड झालेला आवाज. ती एकटी गाते, आणि हळूहळू तिच्याखाली चिकूच्या पेटीचा ठेका येतो, इतका हळू की तो केव्हा आला ते मला अजून पकडता आलेलं नाही. ती ठेक्यासाठी जरासुद्धा बदलत नाही. ठेकाच तिच्या मागून चालतो. जतीन म्हणाला, ते तुझं म्हणणं होतं. ‘म्हातारीला आपल्या मापात बसवायचं नाही.’

मग तुमच्यातल्या दिपकचं ‘लिलाव’. वाणगावच्या बाजारात भाव पुकारतात तसं, मराठीत सुरू होतं, गुजरातीत जातं, मधेच हिंदी, आणि व्यापाऱ्याचा आवाजसुद्धा तोच काढतो. मी हसून हसून लोळले.

निर्मलाचं ‘फुगा’ मला पाठ आहे.

मापात फुगव, मापात फुगव, शेठ सांगे कानात,
श्वास माझा, रंग त्याचा, वाढदिवस दुसऱ्याच्या घरात.

हे तिने माझ्यासमोर म्हटलं, चुलीपुढे बसून, भाकरी थापता थापता, हाताच्या ठेक्यावर. तिची मुलगी आईकडे अशी बघत होती, जसं मी तुझ्याकडे बघितलं असतं. निर्मला म्हणाली, “आम्ही तेव्हा काय होतो गं! आम्हालाच माहीत नव्हतं.”

आणि सातवं तुझं, ‘हजेरी’. ते मी एकटीच ऐकते. त्याच्यावर मी काही लिहिणार नाही. फक्त एवढंच विचारते. बाबा तुला आश्रमशाळेत घालायला आला होता, आणि त्याचं नाव ऐकून मास्तर हसला होता, हे खरं आहे? तू केवढा होतास? ते तू एवढी वर्षं कुठे ठेवलं होतंस?

मी बाबाला अजून ऐकवलेलं नाही. आईने त्याला जत्रेतलं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “गाण्यापायी गेला पोऱ्या,” आणि उठून गेला. बघू.

जतीनने आता नवीन कॉम्प्युटर घेतला आहे. सगळी गाणी साफ करून पुन्हा बाहेर सोडू म्हणतो. चैत्या म्हणतो, कार्डात फुकट भरून देईन. कॉलेजात मी मैत्रिणींना ऐकवलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. आपली बोली स्पीकरवर ऐकायची कोणाला सवय नाही. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही.

संगिता


९ डिसेंबर २०१८

दादा,

आम्ही सगळे बरे आहोत. घर बरं आहे.

हल्ली आम्ही बाहेर झोपतो. हवा चांगली असते. सगळा पाडाच बाहेर झोपतो, शेकोट्या असतात, गंमत वाटते. तुझ्या कानावर काही आलं असेल तर काळजी करू नकोस. भूकंपाचे धक्के म्हणतात, पण लहान असतात. आधी खालून आवाज येतो, सुरुंग फुटल्यासारखा, आणि मग भांडी वाजतात. रोज नाही येत. काही दिवशी येतच नाही.

एक गंमत सांगते. परवा दुपारी असा आवाज आला आणि सगळे अंगणात धावले, तर लहान्या, शेजारच्या धाकलीचा, आठ वर्षांचा आहे, मला म्हणाला, “ताई, तुझ्या दादाचा आल्बम बंद कर ना.” सगळे एवढे हसले! त्याला खरंच वाटतं की ‘भुईखालून’ जे येतं ते तूच वाजवतोस.

आज जास्त लिहीत नाही. हात गार पडलेत.

संगिता


१० फेब्रुवारी २०१९

दादा,

आता हे लिहिते, कारण यापुढे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या घराची मागची भिंत पडली. १ तारखेला, दिवसभर धक्के येत होते तेव्हा. कोणाला लागलं नाही. आई चुलीपाशी होती, बाबाने तिला ओढून बाहेर काढलं. आता आम्ही सरकारी तंबूत आहोत, मैदानात, सगळा पाडा. बैल बरे आहेत. आणि मागे ‘घर बरं आहे’ लिहिलं तेव्हाच तडे गेले होते.

आता दुसरं.

तंबूत माणसं दिवसभर काय करतात माहीत आहे? वाट बघतात. पुढचा धक्का केव्हा येईल त्याची. पोरं रडत नाहीत, ते जास्त वाईट. कान जमिनीकडे लावून बसतात. जरा गाडी गेली तरी उभी राहतात. जतीन आणि चैत्या तांदूळ आणि चादरी घेऊन आले होते, त्यांच्याबरोबर चैत्याचा जत्रेतला स्पीकर होता. चैत्या म्हणाला, “लावू काय? कान दुसरीकडं जातील.”

लावलं. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला आठवलं की रखमाबाई समोरच्याच तंबूत आहे. तिला आता दिसत नाही. ती काठी टेकत आली आणि स्पीकरपाशी बसली. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “ही बाई कुठली? चांगली गाते. कोणाकडं शिकली?”

मी म्हटलं, “आजी, तूच आहेस.”

“चल. मी इथं बसलेय.”

“पाच वर्षांपूर्वी नविनने रेकॉर्ड केलं होतं ना.”

मग तिला आठवलं. “काकड्याचा पोऱ्या. माझ्या पायाशी बसून राहायचा, बोलायचा नाय. मी म्हटलं, काय पाहिजे? तर म्हणाला, तू गा, मी बघतो श्वास कुठं घेतेस.” मग म्हणाली, “परत लाव. बघू दे मला, कुठं घेतला.” आणि दादा, ती स्वतःबरोबर गायला लागली. स्पीकरमधली रखमाबाई आणि खाली बसलेली रखमाबाई, पाच वर्षांचं अंतर, एकच सूर. बायका एकेक करून आल्या आणि तिच्या मागे धरायला लागल्या. मधे एक धक्का आला. मला पायाखाली कळला. तंबूची काठी हलली. एकही बाई थांबली नाही. मी आयुष्यात एवढं मोठं काही ऐकलं नाही आणि ऐकेन असं वाटत नाही.

मग गाणी एकामागून एक लागत गेली. पोरांनी ‘फुगा’ डोक्यावर घेतलं. सातवं येणार हे माझ्या लक्षात होतं. बाबा मागे बैलांजवळ उभा होता. मी चैत्याला थांबव म्हणणार होते. नाही म्हटलं.

हजेरी घेतोस? घे. मी उभा, बाक शेवटलं.
डोंगरानं घेतली माझी, ओढ्यानं घेतली,
तुझ्याच वहीत तेवढी गैरहजेरी राहिली.
बापाचं नाव ऐकून हसलास? मग आता ऐक,
पावसात जन्मला, वेलाखाली वाढला, काकड्या माझा एक.
त्याच्या खांद्यावर बसून मी पाहिलं पहिलं जग,
तुझ्या खुर्चीवरून दिसतं का तेवढं? चढून बघ!

सगळं मैदान बाबाकडे वळून बघत होतं. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला होता, तो तसाच होता. गाणं संपलं. मग तो चालत स्पीकरपर्यंत आला. चैत्याला म्हणाला, “हे त्यानं लोकांसमोर म्हटलं?”

चैत्या म्हणाला, “काका, मी तीन जत्रा वाजवतोय. अख्ख्या तालुक्यासमोर.”

बाबा म्हणाला, “मला वाटलं होतं, त्याला माझी लाज वाटते.”

एवढंच. मग तो खाली बसला आणि हाताने खूण केली, परत लाव. मास्तर हसला तेव्हा बाबाही त्याच्याबरोबर हसला होता, असं रात्री त्याने आईला सांगितलं. म्हणाला, पोराला वाटलं असेल, बापाला काही लागलं नाही.

मी विचारलं, पत्रात काय लिहू? खूप विचार करून म्हणाला, “लिही, बाबानं ऐकलं.”

म्हणून लिहिते. बाबानं ऐकलं.

संगिता


२४ एप्रिल २०१९

दादा,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. काल फोन आला. येत्या रविवारी सुटणाऱ्यांत तुझं नाव आहे. आई फोन ठेवल्यावर थेट तंबू झाडायला लागली.

फेब्रुवारीनंतर टीव्हीवर दोन देशांच्या युद्धाचं जे चाललं होतं त्याबद्दल मी तुला काही लिहिलं नाही. त्या दिवसांत आम्ही टीव्ही असलेल्या घरापुढून जायचो नाही. आता ते सगळं जाऊ दे. सुटलेल्यांना बडोद्याला आणतात, तिथपर्यंत जतीन गाडी घेऊन येतोय, आणि त्याच्याबरोबर बाबा येतोय. हो, बाबा. त्याने नवा सदरा शिवला आहे. हे पत्र मी जतीनकडे देतेय. तुम्ही दोघं बापलेक गाडीत शेजारी शेजारी बसून गप्प राहणार हे मला माहीत आहे, तेव्हा तुला वाचायला काहीतरी हवं.

सुटलेल्यांच्या पहिल्या खेपेत चिमण आला. आपल्या पलीकडच्या पाड्यातला, तुझ्याच बराकीतला. घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी चालत आमच्याकडे आला. हडकला आहे. आईने त्याला भात वाढला, तो खाईना, म्हणाला, “आधी निरोप. नाहीतर मी विसरीन.”

त्याने सांगितलं की माझी पत्रं तुला मिळाली. सगळी नाही, पण मिळाली. तू ती बराकीत मोठ्याने वाचायचास. तू, मोठ्याने! वेरावळचे, दीवचे, मराठी न येणारेसुद्धा ऐकायचे, कोणीतरी गुजरातीत सांगत जायचं. पोपटांचं वाचलंस तेव्हा सगळी बराक हसली. आणि ‘बाबानं ऐकलं’ ते पत्र वाचायला घेतलंस आणि पुढे वाचवेना, तेव्हा ते चिमणने वाचलं.

मग म्हणाला, “त्यानं तिथं एक गाणं केलंय. आम्हाला सगळ्यांना पाठ हाय. कागद बाहेर आणता येत नाय, म्हणून मला म्हणाला, तू घेऊन जा.”

दादा, आम्हाला वाटत होतं, आम्ही इथे तुझी जुनी गाणी खणून काढतोय. आणि तू तिथे भिंतीआड नवीन करत होतास.

मी जतीनला फोन केला. तो आला, निर्मला आली वाणगावहून, पोरांना घेऊन. चैत्या जत्रेतली टपरी बंद करून आला, ऐन जत्रेत. रखमाबाईला उचलून आणलं. आंब्याखाली चिमणला बसवलं. त्याने कधी माइक पाहिला नव्हता, घाम पुसत होता. म्हणाला, “मी काय गाणारा नाय हां.” मग डोळे मिटले आणि म्हटलं. त्याच्या आवाजात म्हटलं, पण प्रत्येक थांबा तुझा होता. बाबा म्हणाला, “श्वास नवाचा हाय.”

भिंतीला कान लावला तर समुद्र ऐकू येतो का?
येतो. पण आपला की त्यांचा, ते तो सांगतो का?

पुढे मग प्रत्येकाच्या गावाचं नाव. झरी आहे, दीव आहे, चिमणचा पाडा आहे. बराकीतल्या प्रत्येकाला तू एकेक ओळ दिलीस. ऐकताना मला कळलं की ज्यांना आम्ही आमच्यासारखे अडकलेले समजत होतो, ती माणसं तिथे गावागावांची ओळख करून घेत बसली होती.

आणि शेवटाकडे येऊन चिमण अडला. डोळे उघडले. पुन्हा मागून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडला. एक ओळ गेली होती. तिच्या पुढची त्याला येते:

आई, तू चूल पेटव, धुराच्या मागनं मी येईन.

पण तिच्या आधीची नाही. बिचारा रडकुंडीला आला. “बराकीबाहेर नावं पुकारली तेव्हा मी धावलो, तेव्हाच पडली असंल कुठंतरी.” आम्ही सगळ्यांनी डोकं चालवलं. निर्मलाने एक जोडून बघितली, चांगली होती, पण ती निर्मलाची होती. जतीन म्हणाला, दुसऱ्या कोणाची ओळ इथे बसवायची नाही.

म्हणून आम्ही ती जागा तशीच ठेवली आहे. चिमण गप्प होतो आणि तेवढ्यात फक्त ठेका चालतो. निर्मलाने आपल्या पडलेल्या घराच्या मोडक्या दरवाजावर हाताने धरलेला. ऐकणाऱ्याला वाटतं, आता कोणीतरी बोलेल. आल्बममध्ये हे दहावं. जतीनने परवा तसंच इंटरनेटवर सोडलं. कुठून कुठून लोक विचारतात, तिथे काय आहे, आवाज का गेला. आम्ही कोणाला काही सांगितलेलं नाही.

गाडीत जतीनच्या फोनवर ते आहे. कानाला लाव. बाबालाही एक बाजू दे.

चिमण म्हणतो, ती ओळ सगळ्यांत चांगली होती.

संगिता